सकाळी उठताच डोकं का धरतं?
(कारण ओळखा, वेळेवर डॉक्टर गाठा)



गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्याकडच्या माणसाची झोप उडते. आज तोड येणार की उद्या, टोळी कुणाच्या रानात आहे, ट्रॅक्टर रात्री भरला तर काट्यावर नंबर कधी लागणार, या विचारात अर्धी रात्र जाते. राहिलेली अर्धी रात्र खोडव्याच्या भरण्यात जाते, कारण मोटारीची लाईट रात्रपाळीची असते. मग सकाळी उठल्या-उठल्या कपाळ ठणकते. आपण म्हणतो, "पित्त झालं असेल," नाहीतर "रात्री गार वारं लागलं." डोक्याला फडके आवळून बांधायचे, चहाबरोबर टपरीवरची एक गोळी घ्यायची आणि रानात जायचे, हा आपला रिवाज.

बहुतेक वेळा त्यात फार बिघडत नाही हे खरे. पण सकाळची डोकेदुखी कधी कधी दुसरेच काही सांगत असते, आणि ते सांगणे आपण गोळीने दाबून टाकतो. हा लेख त्यासाठी आहे. तो वाचून कुणी घरचा डॉक्टर होऊ नये, आणि कुणी घाबरूनही जाऊ नये. कुठली डोकेदुखी चार दिवस थांबू शकते आणि कुठली चार तासही थांबत नाही, एवढा फरक कळला तरी पुरे आहे.

आमच्याच घरची गोष्ट

आमचे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो. शरीराने भक्कम. उसात पाणी धरायला उतरले तर तरुण गडी मागे राहतील. पण दोन वर्षे त्यांचे रोज सकाळी डोके धरायचे. वहिनी म्हणायच्या, "अहो, एकदा डॉक्टरला दाखवा ना." दादांचे उत्तर ठरलेले, "पित्त आहे ते. दहा वाजले की आपोआप जातं." खिशात अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी कायम. आधी आठवड्यातून एखादी, पुढे दिवसाआड, शेवटी शेवटी रोज दोन. रात्री त्यांचे घोरणे ओसरीवरून अंगणात ऐकू यायचे. त्याची आम्ही चेष्टा करायचो. दुपारी जेवण झाले की बसल्या जागी डुलकी. त्यालाही आम्ही "रात्रीचं जागरण" म्हणून सोडून दिले.

एकदा गावात तपासणी शिबिर होते. शेजाऱ्यांबरोबर दादाही रांगेत उभे राहिले. रक्तदाब निघाला १९० वर ११०. डॉक्टरांनी पुन्हा मोजला, तेवढाच. पुढे रक्त तपासले तर मूत्रपिंडाचे काम कमी झालेले. डॉक्टरांनी समजावून सांगितले की घोरताना श्वास अडकतो, त्याने रक्तदाब वाढतो. रक्तदाबाने मूत्रपिंड झिजते. रोजच्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाबही वाढवतात, मूत्रपिंडही झिजवतात, आणि वर डोकेदुखीही चालू ठेवतात. एकाच माणसात तीन-चार कारणे एकमेकांचा हात धरून बसली होती.

आज दादा बरे आहेत. रक्तदाबाची गोळी चुकवत नाहीत, वजन उतरवले आहे, ती पट्टी खिशातून गेली आहे. पण मूत्रपिंडाचे जे गेले ते परत आले नाही. दोन वर्षे आधी हाताला पट्टा बांधला असता तर? हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारत नाही. म्हणून इथे लिहितो आहे.

दुखते ते नेमके काय?

पुष्कळांना नवल वाटेल, पण मेंदूला स्वतःला दुखणे कळत नाही. दुखते ते मेंदूवरचे आवरण, त्यातल्या रक्तवाहिन्या, डोक्याचे व मानेचे स्नायू, दात, डोळे आणि नाकाजवळच्या हाडांतल्या पोकळ्या. यातल्या कशावरही ताण आला, सूज आली की आपण म्हणतो "डोकं दुखतंय". म्हणजे डोकेदुखी हा एक आजार नाही, ती हाळी आहे. हाळी कुणी दिली ते आपण शोधायचे.

सकाळीच का दुखते, यालाही कारणे आहेत. रात्रभर आपण आडवे असतो, सहा-आठ तास पोटात अन्न-पाणी नसते, चहा-तंबाखू नसते, झोपेत श्वास मंद होतो, आणि पहाटे रक्तदाब आपोआप थोडा चढू लागतो. जी खोट दिवसभर कामाच्या नादात झाकलेली असते ती या वेळी उघडी पडते.

नेहमीची कारणे

१) झोपेची ओढाताण. एक आठवडा रात्री भरणे, दुसऱ्या आठवड्यात दिवसा, असे आलटून पालटून झाले की शरीराचे घड्याळ बिघडते. कमी झोपेने डोके दुखते, तसेच सणाच्या दिवशी दहा वाजेपर्यंत लोळत पडल्यानेही दुखते. उपाय साधा आहे. रात्री जागलात तर दुपारी काळोख्या खोलीत एकदम चार-पाच तास झोप घ्या, नुसत्या डुलक्यांवर भागवू नका. बाकीच्या दिवसांत उठण्याची वेळ एकच ठेवा.

२) घोरणे आणि श्वास अडकणे. सगळेच घोरणारे आजारी नसतात. पण घोरता घोरता श्वास एकदम बंद पडतो, काही सेकंद शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज करून पुन्हा श्वास, असे रात्रभर चालत असेल तर तो आजार आहे. झोपलेल्याला तो कळत नाही. घरच्यांनाच कळतो. अशा माणसाचे सकाळी उठल्यावर डोके दोन्ही बाजूंनी जड होऊन दाबल्यासारखे दुखते आणि काही तासांत उतरते. तोंड कोरडे पडते, रात्री लघवीला वारंवार उठावे लागते, दिवसा झोप आवरत नाही. वजन जास्त, मान जाड, रात्री दारूची सवय, असे असेल तर त्रास वाढतो.

याचा धोका घरापुरता नाही. रात्री उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकावर अशा माणसाला डुलकी लागली तर काय होईल, हे सांगायला नको. झोपेची तपासणी करून याचे निदान होते. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, दारू सोडणे आणि गरज असेल तर झोपताना हवेचा दाब देणारे यंत्र लावणे, असे उपाय आहेत.

३) रक्तदाब. इथे एक गैरसमज दूर करू. "माझं डोकं दुखत नाही, म्हणजे मला ब्लडप्रेशर नाही," हे सपशेल चूक. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही, गुपचूप हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड पोखरतो. तो फारच वर गेला तरच डोके, विशेषतः मागची बाजू, दुखू शकते. म्हणून डोके दुखो न दुखो, तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. १२० वर ८० च्या आत असेल तर उत्तम. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४० वर ९० किंवा जास्त आला तर तो रक्तदाबाचा आजार समजतात. आणि एकदा गोळी सुरू झाली की "आता बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. गोळी चालू आहे म्हणूनच तो आकडा खाली आहे.

४) रोजची गोळी. डोके दुखते म्हणून गोळी, आणि गोळीमुळे पुन्हा डोके, असे चक्र असते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अथवा दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांवर चालली तर औषधच डोकेदुखीचे कारण होते. रात्रीतून गोळीचा अंमल उतरतो आणि पहाटे डोके पुन्हा गोळी मागते. ओळखायची खूण अशी की गोळ्या वाढत जातात आणि दुखणेही वाढत जाते. उपाय गोळी बंद करण्यात आहे, पण ते डॉक्टरच्या सल्ल्याने करावे. पहिले काही दिवस डोके जास्त दुखेल, मग सुटका होते. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी लागते आहे असे दिसले की तिथेच सावध व्हावे.

५) चहा, उपास, पाणी, दारू आणि मिश्री. दिवसातून सात-आठ कप चहा पिणाऱ्याला पहाटेचा चहा उशिरा मिळाला तर डोके धरते. एकादशी-चतुर्थीला चहा बंद, अन्न बंद, मग संध्याकाळपासून डोके ठणकू लागते. सवय मोडायची असेल तर रोज थोडा थोडा चहा कमी करावा. उन्हाळ्यात दिवसभर रानात घाम गाळून रात्री नुसते अर्धा तांब्या पाणी पिऊन झोपणाऱ्याचेही सकाळी डोके दुखणारच. दारूचे तर सांगायलाच नको. रात्रीची दारू अंगातले पाणीही काढते आणि झोपही मोडते. पहाटे उठताच तंबाखूची मिश्री लावल्याशिवाय डोके हलके होत नाही, असे सांगणाऱ्या भगिनी आहेत. ते औषध नव्हे, ते व्यसनाचे येणे आहे.

६) अर्धशिशी. डोक्याची एक बाजू ठोके पडल्यासारखी दुखते, उजेड आणि आवाज सोसत नाही, मळमळते, उलटी होते, अंधारात पडून राहावेसे वाटते. हे दुखणे ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत राहते, आणि पुष्कळदा पहाटेच सुरू होते. स्त्रियांमध्ये जास्त, पाळीच्या सुमारास अधिक, आणि एका घरात आई-मुली दोघींना. याला "पित्त" म्हणून उलटी काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. उलटी झाल्यावर काहींना बरे वाटते, पण उलटी हा त्या आजाराचाच भाग आहे, पित्ताचा नव्हे. अर्धशिशीवर आज चांगली औषधे आहेत. सुनेने सकाळी डोके धरले तर ते "कामाचा कंटाळा" नसतो, हे घरातल्या मोठ्यांनी ध्यानात घ्यावे.

७) मान, दात आणि नाक. उंच उशी, खाटेचा झोळ, डोक्यावरची ओझी यांनी मान आखडते आणि दुखणे मानेतून कपाळाकडे चढते. काही लोक झोपेत दात खातात. त्यांच्या कानशिलात आणि जबड्यात सकाळी दुखते. नाकाजवळच्या पोकळ्यांना सूज असेल तर गालावर-कपाळावर जडपणा येतो, नाकातून घट्ट शेंबूड येतो, वाकले की दुखते.

आपल्या घरातली, पण न दिसणारी कारणे

बंद खोलीतला विषारी वायू. हा भाग विशेष ध्यान देऊन वाचावा. डिसेंबर-जानेवारीत पाटाच्या कडेच्या गावांत थंडी हाडात शिरते. मग निखाऱ्याची शेगडी घरात घेऊन दारे-खिडक्या लावून झोपतात. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची तर जुनी चालच आहे. न्हाणीघरात पाणी तापवण्याचा बंब पेटलेला असतो, नाहीतर गॅसचा गिझर. कोळसा, लाकूड, गॅस, डिझेल, काहीही अपुऱ्या हवेत जळाले की कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्यांचा धूर बसला म्हणजे धोका गेला असे आपण समजतो, आणि नेमके तेव्हाच हा वायू भरत असतो.

रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग माणूस श्वास घेत असतो, पण प्राणवायू मेंदूपर्यंत पोचत नाही. सुरुवात डोकेदुखीने होते. पुढे गरगरणे, मळमळ, हातपाय गळणे, आणि झोपेतच शुद्ध जाणे. झोपलेल्याला डोकेदुखीचा इशाराही मिळत नाही.

ओळखायची खूण अशी: घरातल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखते, आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर कमी होते. कोंबडी-कुत्रेही निपचित दिसते. असे झाले तर आधी दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, आग बाहेर न्या आणि दवाखान्यात जा. बोटाला लावायच्या छोट्या यंत्रावर आकडा चांगला दिसला तरी फसू नका. ते यंत्र या वायूला प्राणवायूच समजते. डॉक्टरांना "खोलीत शेगडी होती" एवढे वाक्य आठवणीने सांगा. त्या एका वाक्याने निदान होते.

शेगडी घ्यायचीच तर झोपण्याआधी बाहेर काढावी. बाळ-बाळंतिणीला उबेसाठी कपडे, गोधडी, गरम पाण्याची पिशवी पुरते. बंब अंगणात पेटवावा आणि पाणी आत आणावे.

मधुमेहाची रात्र. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणारा माणूस रात्री न जेवता, कमी जेवून, किंवा दिवसभर जास्त कष्ट करून झोपला तर रात्री रक्तातली साखर फार उतरते. भयंकर स्वप्ने, घामाने भिजलेला सदरा आणि सकाळी ठणकणारे डोके, या तिन्ही खुणा एकत्र आल्या तर संशय घ्यावा. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी, मग खायला द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. गोड पिकवणाऱ्यालाच गोड वर्ज्य, अशी मधुमेहवाल्यांची थट्टा होते. पण अशा वेळी तीच साखर जीव वाचवते.

फवारणी. कीटकनाशक मारून आल्यावर अंघोळ न करता, त्याच कपड्यांवर झोपणे, किंवा औषधाचे डबे झोपायच्या खोलीत ठेवणे, यानेही डोके दुखते. ऑरगॅनोफॉस्फरस गटातल्या औषधांनी डोकेदुखीबरोबर खूप घाम, तोंडाला लाळ, उलटी-जुलाब, अंधुक दिसणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे, अशी लक्षणे येतात. ही विषबाधा आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद घेऊन ताबडतोब दवाखान्यात जावे.

"डोक्यात गाठ तर नसेल?"

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो आणि कुणी बोलत नाही. उत्तर असे की मेंदूतली गाठ हे सकाळच्या डोकेदुखीचे फार विरळ कारण आहे. नुसती डोकेदुखी आणि दुसरे काही नाही, असे तर आणखी विरळ. पण दुखणे आठवड्यागणिक वाढत चालले आहे, पहाटे त्याने जाग येते, आडवे झाल्यावर, खोकल्यावर किंवा जोर केल्यावर वाढते, सकाळी उलटी होते, दृष्टी अंधुक किंवा दुहेरी होते, चालताना तोल जातो, झटका येतो, स्वभाव बदलतो, अशांपैकी काही असेल तर तपासणी टाळू नये. उलट, साध्या डोकेदुखीसाठी स्वतःच्या मनाने डोक्याचे फोटो काढत शहरात फिरण्याचेही कारण नाही. कुणाला काय तपासायचे ते डॉक्टरला ठरवू द्या.

म्हाताऱ्या माणसांची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मोटारसायकलवरून किंवा ओट्यावरून पडले, त्या वेळी काही झाले नाही, आणि दोन-चार आठवड्यांनी डोके दुखू लागले, सुस्ती आली, बोलणे विसरल्यासारखे झाले, तर डोक्यात हळूहळू रक्त साचलेले असू शकते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त. "वय झालं" म्हणून सोडू नये. वेळेवर गेले तर हे दुरुस्त होते.

आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा

खालीलपैकी एक जरी लक्षण असेल तर तोड, भरणे, पाहुणे, बाजार सगळे बाजूला ठेवावे. १०८ क्रमांकाला फोन करावा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

– एकाएकी, क्षणात वीज पडावी तसे आयुष्यात कधी झाले नाही एवढे डोके दुखणे.
– डोकेदुखीबरोबर तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे.
– ताप आणि मान ताठ होणे, हनुवटी छातीला न लागणे. ताप असताना अंगावर लाल-जांभळे ठिपके येणे.
– झटका येणे, शुद्ध हरपणे, भलतेसलते बोलणे.
– डोक्याला मार लागल्यावर दुखणे वाढत जाणे किंवा पुन्हा पुन्हा उलटी होणे.
– डोळा लाल होऊन दुखणे आणि एकदम कमी दिसणे.
– रक्तदाब १८० वर १२० किंवा जास्त, आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, अंधुक दिसणे किंवा भ्रम.
– गरोदरपणात पाच महिन्यांनंतर, किंवा बाळंतपणानंतर दीड महिन्याच्या आत जोराचे डोके दुखणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, तोंडा-हातावर सूज येणे. इथे आई आणि बाळ दोघांचा जीव असतो.
– घरातल्या अनेकांचे डोके एकदम दुखणे.

लकव्याच्या बाबतीत दुखणे सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. सकाळी उठल्यावरच लकवा दिसला तर "रात्री शेवटचं धडधाकट कधी पाहिलं" ती वेळ सांगावी. तेल चोळण्यात, दृष्ट काढण्यात हे तास घालवू नयेत. दृष्ट काढायचीच तर गाडी येईपर्यंत काढा, पण गाडी थांबवू नका.

या आठवड्यात डॉक्टरला दाखवा

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. (तिच्याबरोबर कानशिलाला हात लावल्यास दुखत असेल, भाकरी चावताना जबडा दुखत असेल, तर त्याच दिवशी जा. डोळ्याला धोका असतो.) आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा सकाळी डोके धरणे. दुखण्याची पद्धत बदलणे. घोरणे आणि दिवसा झोप येणे. लहान मूल डोकेदुखीने झोपेतून उठणे किंवा सकाळी उलटी करणे. कर्करोगाचे उपचार झालेल्या माणसाचे नव्याने डोके दुखणे.

दोन आठवड्यांची नोंद ठेवा

उसाची लागण तारीख, जात, खताचे हप्ते, काट्याची पावती, हे सगळे आपण जपून ठेवतो. आपल्या डोक्याची नोंद मात्र कुणाकडे नसते. एक वही घ्या आणि दोन आठवडे रोज एवढेच लिहा: रात्री किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, रात्री भरणे होते का, डोके कधी, कुठे, किती वेळ दुखले, रात्रीचे जेवण, चहा, दारू, कोणती गोळी घेतली, रक्तदाबाचा आकडा. घोरण्याचा रकाना घरच्यांनी भरावा, तो आपल्याला भरता येत नाही. ही दोन पाने डॉक्टरपुढे ठेवली तर त्यांचे निम्मे काम होते.

रक्तदाब मोजण्याचीही रीत आहे. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला, बोलायचे नाही. घरी यंत्र असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून लिहावे. घरच्या मोजणीची सरासरी १३५ वर ८५ किंवा जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

जायचे कुठे?

१९५०-५१ च्या हंगामात लोणीच्या माळावर सहकारी साखर कारखान्याचा भोंगा वाजला, तेव्हा या भागात साधे दुखणे दाखवायलाही लांब जावे लागे. आज तशी स्थिती नाही. रक्तदाब आणि साखर मोजायला गावातले उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र पुरते, आशाताई वाट दाखवतात. त्यापुढे तालुक्याच्या गावी, म्हणजे राहात्याला, सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे. मोठ्या तपासणीसाठी लोणीचे प्रवरा रुग्णालय आहे, जिथे १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे, आणि शिर्डीला साईबाबा संस्थानची रुग्णालये आहेत. मोठ्या उपचाराचा खर्च निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यावे.

शेवटी टोळीविषयी

आपल्या उसाला कोयता लावायला जी माणसे येतात, ती रानाच्या कडेला कोपी घालून राहतात. थंडीत त्यांच्या कोपीतही चूल धुमसत असते, त्यांच्यातही गरोदर बाया असतात, लेकरे असतात. "कोपीत निखारे ठेवून कुडाचं तोंड गच्च लावू नका, आणि कुणाचं डोकं धरलं तर मला सांगा," एवढे बोलायला सभासदाला काही पडत नाही. मुकादमाला १०८ क्रमांक पाठ करायला लावा. तो माणूस आपल्या रानात आहे तोवर त्याच्या जिवाची काळजी आपल्याकडेही आहे.

उसाच्या पानावर पिवळा पट्टा दिसला तर आपण त्याच दिवशी पान तोडून कृषी अधिकाऱ्याला दाखवायला नेतो. आपले डोके रोज सकाळी सांगत असताना मात्र "दहा वाजले की जातं" म्हणतो. आमच्या दादांनी दोन वर्षे तेच म्हटले. तुम्ही म्हणू नका. उद्या सकाळी डोके दुखले तर गोळीच्या आधी वही काढा, आणि या आठवड्यात जवळच्या केंद्रात जाऊन हाताला पट्टा बांधून घ्या. जाताना घरातल्या कारभारणीलाही बरोबर न्या. तिचे डोके दुखते हे ती सांगत नाही, एवढाच फरक असतो.